बल्बच्या बुडाला ठिपके किती?

ब्रेक दाबला की मीटरमधले दिवे लागायचे. भर दुपारी, पार्किंगचं बटण बंद असताना. पाय उचलला की विझायचे. वडिलांची 1998 ची मारुती 800. वयोमानाप्रमाणे तिच्या खोड्या असतातच, म्हणून दोन दिवस दुर्लक्ष केलं. मग बायकोला ब्रेकवर पाय ठेवायला सांगितला आणि गाडीभोवती फेरी मारली. ब्रेकलाईट लागत होते, नंबरप्लेटचा दिवा लागत होता, पुढचे पार्किंगचे दिवेही लागत होते. आत बसून ती विचारतेय, "झालं का?" आणि मी बाहेर डोकं खाजवत उभा.

आठवड्यापूर्वी डाव्या बाजूचा मागचा बल्ब गेला होता. रस्त्यावरच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात "मागचा बल्ब द्या" एवढंच म्हणालो होतो. त्याने दिला, मी घरी येऊन दाबून बसवला, लागला. चूक माझीच. "मागचा बल्ब" असा एक बल्ब नसतो. दोन असतात, आणि ते एकमेकांचे जुळे भाऊ वाटतात.

दोन्ही शेजारी ठेवून बघा. काचेचा तोच गोळा, खाली तीच 15 मिलिमीटर व्यासाची पितळी टोपी, दोघेही 12 व्होल्टचे. आता उलटे करा. एकाच्या बुडाला मधोमध कथलाचा एक ठिपका, दुसऱ्याच्या बुडाला दोन. दुकानदाराच्या भाषेत पहिला सिंगल काँटॅक्ट, दुसरा डबल काँटॅक्ट. टोपीवर बारीक अक्षरांत छापलेली नावं अनुक्रमे पी 21 डब्ल्यू आणि पी 21/5 डब्ल्यू. एलईडीच्या पाकिटांवर बहुतेक वेळा अमेरिकन नंबर असतात, 1156 आणि 1157. टोपीच्या प्रकारालाही नाव आहे: बीए 15 एस आणि बीएवाय 15 डी. त्यातलं 15 म्हणजे व्यास, शेवटचा एस म्हणजे सिंगल, डी म्हणजे डबल. एवढं लक्षात ठेवलं तरी काउंटरवर अडत नाही.

सिंगल काँटॅक्टमध्ये एकच तार (फिलामेंट), 21 वॅटची. तो इंडिकेटरला आणि रिव्हर्सला लागतो. डबल काँटॅक्टमध्ये दोन तारा असतात, 21 वॅटची ब्रेकसाठी आणि 5 वॅटची पार्किंगच्या बटणावर लागणाऱ्या टेललाईटसाठी. रात्री मागून दिसतो तो मंद लाल दिवा 5 वॅटचा. ब्रेक दाबल्यावर त्याच बल्बातली मोठी तार पेटते. मोठीचा उजेड साधारण 440 ल्युमेन, छोटीचा 35. बारा पटींहून जास्त फरक. मागच्या गाडीवाल्याला "हा थांबतोय" हे कळतं ते या फरकामुळे.

खरी गंमत टोपीच्या बाजूला बाहेर आलेल्या दोन पिनांत आहे. सिंगलच्या पिना समोरासमोर, एकाच उंचीवर. बल्ब कुठल्याही बाजूने घाला, फरक पडत नाही. डबलची एक पिन वर, एक खाली. हे मुद्दाम केलेलं असतं. तो उलटा बसला तर ब्रेकचा करंट 5 वॅटच्या तारेला जाईल आणि पार्किंगचा 21 च्या. म्हणून होल्डरमधल्या खाचाही एक खोल, एक उथळ, बल्ब एकाच दिशेने बसावा अशा.

नव्या गाडीत हे कुलूपकिल्लीसारखं चालतं. पंचवीस वर्षांच्या गाडीत होल्डरचं पत्र्याचं तोंड सैल झालेलं असतं, खाचा झिजलेल्या, स्प्रिंग थकलेली. अशा होल्डरमध्ये नको तो बल्बही जरा जोर लावला की बसतो. माझ्याकडून नेमकं तेच झालं. डबलच्या होल्डरमध्ये सिंगल गेला. त्याच्या बुडाचा तो एकच ठिपका होल्डरमधल्या दोन्ही टोकांना एकदम टेकला. ब्रेकची वायर आणि पार्किंगची वायर त्या ठिपक्यातून एकमेकींना मिळाल्या. पार्किंगच्या वायरवरच मीटरचे दिवे, नंबरप्लेट आणि पुढचे छोटे दिवे. ब्रेक दाबला की करंट त्या वाटेने सगळीकडे.

दिवसा हा प्रकार मजेशीर वाटतो. रात्री नाही. पार्किंग चालू केलं की उलटा प्रवाह: दोन्ही बाजूंच्या 21 वॅटच्या तारा कायम पेटलेल्या. मागच्याला गाडी सतत ब्रेक दाबल्यासारखी दिसते, आणि खरोखर दाबल्यावर काहीच बदलत नाही. पावसात घाट उतरताना आपल्या मागे ट्रक आहे, असं डोळ्यांसमोर आणा.

उलट चूक, म्हणजे सिंगलच्या होल्डरमध्ये डबल, तितकी धोक्याची नाही, फक्त वैतागवाणी. होल्डरचं मधलं एक टोक बल्बच्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधे येतं. कधी लागतो, कधी नाही, खड्डा आला की लागतो. तिसरी चूक, डबलच पण फिरवून दामटलेला, ती सगळ्यात लबाड. दिवे लागतात, कुणाला संशय येत नाही. फक्त टेललाईट ब्रेकलाईटसारखा भगभगीत, आणि ब्रेक दाबल्यावर त्यात जेमतेम भर पडते. गॅरेजमधून गाडी आणल्यावर अंधारात भिंतीकडे पाठ करून उभी करायची आणि दोन्ही बाजूंचा लाल उजेड तोलून बघायचा. एक मिनिटाचं काम आहे.

आता इथे एक फसवाफसवी आहे, आणि तिच्यामुळे लोक उगाच बल्बवर बल्ब बदलतात. ब्रेक दाबल्यावर दुसरेच दिवे उजळणं हे अर्थ (अर्थिंग, करंटची परतीची वाट) गेल्याचंही लक्षण असतं. गाडीत परतीची वायर म्हणजे गाडीचा पत्रा. टेललॅम्पचं रबर गॅस्केट कडक होऊन तडकलं, पावसाचं पाणी आत गेलं, होल्डरवर हिरवट-पांढरा थर आला की ती परतीची वाट बंद होते. कोकणातल्या गाड्यांना हा रोग जास्त. मग करंट काय करतो? 21 च्या तारेतून येतो, खाली वाट मिळत नाही, म्हणून 5 च्या तारेतून उलटा पार्किंगच्या वायरमध्ये शिरतो आणि बाकीच्या दिव्यांमधून घुसून पत्र्यापर्यंत पोचतो. इंडिकेटरचा अर्थ तोच असेल तर इंडिकेटरबरोबर टेललाईटही मिचकायला लागतो.

दोन्हींतला फरक उजेडावरून कळतो. चुकीचा बल्ब असेल तर सगळं झगझगीत लागतं, कारण करंटला मोकळी वाट मिळालेली असते. अर्थ गेला असेल तर सगळं मलूल. त्या बाजूचा ब्रेकलाईट तर सर्वांत मलूल. खात्री करायची तर वायरचा एक तुकडा घ्या, एक टोक होल्डरच्या पत्र्याला, दुसरं बॉडीच्या खरवडून चकचकीत केलेल्या जागेला धरा. दिवे शहाण्यासारखे वागायला लागले तर बल्बला हात लावू नका. पॉलिश पेपर, नवीन स्क्रू, थोडं व्हॅसलीन.

पुढच्या इंडिकेटरची जुनी पिवळी काच काढून पांढरी "क्रिस्टल" काच लावली असेल तर या घरातला तिसरा भाऊ भेटतो: पिवळ्या काचेचा सिंगल काँटॅक्ट, पीवाय 21 डब्ल्यू. त्याच्या पिना एकाच उंचीवर पण समोरासमोर नाहीत, जरा एका बाजूला सरकलेल्या. जुन्या होल्डरमध्ये तो बसत नाही. लोक मग एक पिन कानशीने घासतात. मला ते पटत नाही. होल्डरच बदलून घ्यावा.

एलईडी घालायचा विचार करत असाल तर वरचं सगळं तसंच लागू आहे, फक्त चुका महाग पडतात. 1156 च्या जागी 1156, 1157 च्या जागी 1157. मागच्या दिव्यांना एलईडी घालावेत या मताचा मी आहे. तार तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग घेते, एलईडी लगेच लागतो; मागचा माणूस ताशी 60 किलोमीटरने येत असेल तर तेवढ्या वेळात तो तीन मीटरहून जास्त पुढे आलेला असतो. पण लाल काचेमागे लाल एलईडीच घ्या. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळा आणि पिवळा भाग जास्त, लाल कमी; लाल काच बाकीचं सगळं अडवते आणि हाती फिकट गुलाबीसर काहीतरी उरतं. आणि 1157 विकत घेताना दुकानात बॅटरी लावून दोन्ही पायऱ्या पेटवून बघा. स्वस्तातल्या कित्येकांमध्ये टेल आणि ब्रेक यांच्यातला फरक डोळ्याला जाणवतच नाही. असा दिवा असून नसल्यासारखा.

इंडिकेटरला एलईडी घातला की तो धावत सुटतो. इंडिकेटर मिचकवणाऱ्या फ्लॅशरला पुढचा 21 आणि मागचा 21 अशा 42 वॅटची सवय असते. भार कमी झाला की त्याला वाटतं बल्ब गेला, आणि तो टिकटिक वाढवून तुम्हाला सांगतो. दुकानात यावर भार वाढवायला 6 ओहमचा रेझिस्टर देतात. 12 व्होल्टला तो लागलेला असताना 24 वॅट नुसती उष्णता ओकतो, आणि बरेचदा तो प्लॅस्टिकच्या ट्रिमला चिकटवलेला असतो. त्यापेक्षा एलईडीला चालणारा फ्लॅशर बसवा. नाहीतर इंडिकेटरला साधा बल्बच राहू द्या, तो काही वाईट नाही.

हेडलाईटबद्दल थोडक्यात, कारण हाही दोन तारांचाच बल्ब आहे, पण त्याचं तर्कशास्त्र वेगळं. एच 4 मध्ये, म्हणजे हेडलाईटच्या हॅलोजन बल्बमध्ये, अप्परची तार 60 वॅटची आणि डिपरची 55. वॅटमध्ये फरक नावापुरता. फरक आहे तो जागेत: डिपरची तार थोडी पुढे, तिच्याखाली धातूची छोटीशी वाटी. त्या वाटीमुळे रिफ्लेक्टरचा खालचा भाग अंधारात राहतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जात नाही. टेललॅम्पमध्ये तार दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर बिघडत नाही, इथे बिघडतं. म्हणून जुन्या रिफ्लेक्टरमध्ये कोंबलेले एलईडी समोरच्याला आंधळं करतात आणि चालवणाऱ्याला वाटतं, काय उजेड आहे!

100/90 चा, म्हणजे अप्पर 100 आणि डिपर 90 वॅटचा, बल्ब हा दुसरा मोह. दोन बल्बांचे 200 वॅट म्हणजे सतरा अँपिअरच्या आसपास, आणि तो करंट जुन्या स्विचमधून आणि स्टीअरिंगच्या दांडीतून जाणार. स्विच वितळल्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही. मी आधी व्होल्ट मोजायचा मीटर लावला: इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.9 व्होल्ट, हेडलाईटच्या होल्डरवर 12.4. दीड व्होल्ट वाटेत सांडत होता. व्होल्टेज दहा टक्के पडलं की तारेचा उजेड जवळजवळ तिसरा हिस्सा पडतो. दोन रिले (मोठा करंट स्विचऐवजी स्वतःतून नेणारी बटणं) आणि बॅटरीपासून फ्यूजसह जाड वायर टाकली, बल्ब तेच 60/55 ठेवले. काच पुसायला कापड वापरा, हॅलोजनला बोट लावू नका.

त्या चुकीच्या बल्बचं काय केलं? टाकला नाही, तो चांगला आहे, रिव्हर्सला चालेल. डिकीत जॅकशेजारी औषधाच्या दोन रिकाम्या डब्या आहेत, आत फडक्यात गुंडाळलेले बल्ब. एका झाकणावर मार्करने एक ठिपका काढलाय, दुसऱ्यावर दोन.