घंटेतला कोमल गंधार

वाईत काही मंडळींनी खजिनाशोधाचा खेळ ठेवला होता. यमकातली कोडी, जुन्या फोटोंचे कापलेले तुकडे असा नेहमीचा मालमसाला होताच, आणि एका टप्प्यावर नुसता आवाज: हा कुठला ते ओळखा आणि तिथे पोचा. भाचीच्या गटाने ती क्लिप मला पाठवली. एक टोला, मग लांबत गेलेला घुमारा, मागे कावळ्यांची कावकाव, संपलं. तोवर गटात चार मतं पडली होती. कुणी म्हणे शाळेची घंटा, कुणी ढोल्या गणपतीच्या देवळातली, कुणी म्हणे रुळाचा तुकडा बडवलाय, आणि भाचीचं आपलं 'मामा, हे मेणवलीच!', म्हणजे वाईजवळच्या मेणवली गावातली घंटा. सगळा वाद कानाच्या भरवशावर. हा वाद मोजून मिटवता येतो, आणि कसा ते सांगायची मला भारी हौस आहे.

आवाजाची उंची म्हणजे सेकंदाला किती कंपनं, हे आपण शाळेत शिकलो. पण एका टोल्यात एकच कंपनसंख्या नसते, डझनभर एकदम सुटतात. त्या वेगवेगळ्या करून दाखवणारं गणित फूरिये नावाच्या फ्रेंच गृहस्थाने दोनशे वर्षांपूर्वी दिलं, आणि आज ते फुकटच्या ॲपमध्ये मिळतं. फोनवर स्पेक्ट्रॉइड, संगणकावर ऑडॅसिटी. क्लिप उघडून स्पेक्ट्रोग्राम लावला की आडव्या रेघा दिसतात. खालच्या रेघा खर्जाच्या, वरच्या टिपेच्या, आणि रेघ जितकी लांब तितका तो स्वर टिकलेला.

आता या रेघांचे नुसते आकडे बघू नका, त्यांची आपापसातली गुणोत्तरं बघा. तारेत ती १, २, ३, ४ अशी सरळ पायऱ्यांची असतात, म्हणून तानपुरा गोड लागतो. रुळाचा तुकडा टांगून बडवला तर १, २.७६, ५.४० अशी वेडीवाकडी येतात. शाळेतली पितळी थाळी ठोकली तर साधारण १, १.७, २.३. कुणी खोडसाळपणे क्लिप हळू चालवून पाठवली तरी सगळ्या रेघा सारख्याच प्रमाणात खाली सरकतात, गुणोत्तरं हलत नाहीत. रूळ आणि थाळी या दोघांना आम्ही इथेच रजा दिली.

चर्चच्या घडणीच्या घंटेचं प्रकरण वेगळं. रुंद उघडलेलं तोंड, त्यामानाने अरुंद कंबर, आणि जिथे लोलक आपटतो तिथे काठ चांगला जाड. अशा घंटेचा मुख्य स्वर सा धरला, तर तिच्यातून काय निघतं ते पाहा: खर्जातला सा, मधला सा, कोमल गंधार, पंचम, तार सा, त्याच्यावर तार सप्तकातला पंचम, आणि त्याहून वरचा सा. आकड्यांत ०.५, १, १.२, १.५, २, ३, ४. हा १.२ बघितला की मी खुर्चीत सरसावून बसतो. तारेच्या नैसर्गिक पायऱ्यांत सुरुवातीला जो गंधार सापडतो तो शुद्ध, म्हणजे ५/४. घंटेत मात्र ६/५, कोमल. चर्चची घंटा लांबून ऐकताना जी हुरहुर वाटते तिचा बराचसा वाटा या एका रेघेचा.

हे स्वर येतात कुठून? प्लास्टिकची बांगडी समोरासमोरच्या दोन बाजूंनी दाबली की लंबगोल होते, सोडली की आडवी लंबगोल होते. घंटेचं तोंडही असंच हलतं, फक्त डोळ्याला न दिसेल इतकं. या हालचालीत काठावर चार जागा जवळजवळ स्तब्ध राहतात, त्यांना नोड म्हणतात. चार नोडवाली ही हालचाल म्हणजे खर्जातला सा. कोमल गंधाराला सहा नोड, तार षड्जाला आठ. टोला पडला की आधी वरचे स्वर उसळतात आणि लगेच मरतात, मग गंधार मागे राहतो, आणि शेवटी गुणगुणत उरतो तो खर्ज.

यातली सगळ्यात गंमतीची गोष्ट अशी की घंटेचा म्हणून जो मुख्य सूर आपण ऐकतो, तो स्पेक्ट्रोग्रामवर बोट ठेवून दाखवता येईलच असं नाही. जुन्या घंटेत मधला सा बराच ढळलेला असू शकतो, तरी कानाला मुख्य सूर तार षड्जाच्या बरोबर एक सप्तक खालीच लागतो. कारण वरचे स्वर २, ३, ४ या प्रमाणात आले की मेंदू परस्पर ठरवतो की याचा पाया १ असणार, आणि तो १ ऐकवून मोकळा होतो! खोटं वाटत असेल तर जुना लँडलाइन फोन आठवा. तो ३०० हर्ट्झच्या खालचं काही पाठवतच नसे, आणि पुरुषाचा आवाज त्याच्या बराच खाली सुरू होतो. तरी पलीकडून काकाच बोलतायत हे कळायचंच. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये आपल्या मृदंग-तबल्याबद्दल लिहिलं होतं, की मधल्या शाईच्या वजनामुळे कातड्याचे बेशिस्त स्वर सरळ पायऱ्यांवर येतात. ओतकाम करणाऱ्यांनी धातूच्या जाडीशी खेळून घंटेत तसंच काहीसं साधलं.

भाचीच्या क्लिपमध्ये १.२ च्या आसपास स्वच्छ रेघ होती. म्हणजे घडण चर्चच्या घंटेची. मग वाईच्या परिसरात चर्चची घंटा कुठून आली, हा प्रश्न इतिहासाचा. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि तिथल्या पोर्तुगीज घंटा मराठी मुलखात ठिकठिकाणी देवळांपुढे टांगल्या गेल्या. भीमाशंकरला आहे, नाशकात गोदेकाठची नारोशंकराची घंटा तर म्हणींत जाऊन बसली, आणि वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर एक आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि मेरी-बाळ येशूची उठावाची आकृती आहे.

पण 'चर्चची घंटा' एवढ्यावर 'मेणवलीची' म्हणता येत नाही. इथे कारागिरांच्या अज्ञानाचा आपल्याला फायदा होतो. घंटेला आतून खरवडून एकेक स्वर जागेवर आणायची विद्या १७व्या शतकात नेदरलँड्समध्ये फ्रान्स्वा आणि पीटर हेमोनी या भावांनी, याकोब फान आयक या अंध वादकाच्या मदतीने सिद्ध केली. त्यांच्यामागे ती लोपली, आणि इंग्लंडमध्ये १८९० च्या दशकात पुन्हा हाती लागली. मधल्या काळात ओतलेल्या घंटा साधारणपणे साच्यातून निघाल्या तशा टांगलेल्या. कुणाचा गंधार १.१८, कुणाचा १.२२, कुणाचा पंचम पारच भरकटलेला. प्रत्येकीचा चुकण्याचा ढंग निराळा, आणि तोच तिचा अंगठा.

दुसरी खूण हेलकाव्याची. घुमारा सलग नसतो, तो वाढतो-घटतो, 'वाँव-वाँव' करत जातो. घंटा अगदी गोल आणि सगळीकडे सारख्या जाडीची असती तर तोंडाचा लंबगोल कुठल्याही दिशेला पडला तरी कंपनसंख्या तीच राहिली असती. प्रत्यक्षात ओतीव धातू कुठे जाड कुठे पातळ असतो, शिवाय एका बाजूला उठावाची आकृती, दुसरीकडे अक्षरं. त्यामुळे एकाच स्वराच्या दोन जुळ्या कंपनसंख्या होतात. समजा २०० आणि २०१.५ हर्ट्झ. त्यांचा फरक सेकंदाला दीड हेलकावा म्हणून ऐकू येतो. इतका बारीक फरक दोन वेगळ्या रेघांत दिसायला मात्र क्लिपचा निदान पाऊण सेकंद एका घासात विश्लेषणाला द्यावा लागतो. फरक जितका लहान, तितका जास्त वेळ, इथे गणित कुणालाच सूट देत नाही. कोरियात ७७१ साली ओतलेली राजा सोंगदोकची प्रचंड घंटा तिच्या अशाच हेलकाव्यासाठी वाखाणली जाते.

घंटा म्हटली की तो फॉरवर्डही आलाच. घंटानाद सात सेकंद टिकतो, सात चक्रं जागी होतात, जंतू मरतात, 'नासानेही मान्य केलंय'. घुमारा किती टिकतो हे घंटेच्या आकारावर आणि तुमच्या कानावर ठरतं. मोठी घंटा सात सेकंदांना मुळीच भीक घालत नाही, देवघरातली तितकी पोचतही नाही. आवाजाने जंतू मारायचे तर द्रवात तीव्र अल्ट्रासाउंड सोडावा लागतो. देवळातल्या घंटेने जंतू मरत असते तर पुजारीबुवांना कधी सर्दी झाली नसती. सोनंचांदी घातल्याने आवाज गोड होतो ही समजूत तर युरोपातही होती. घंटेला लागतं ते चांगलं कांसं, म्हणजे सुमारे ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील. ते कडक असतं, कंपनाची ऊर्जा स्वतःत फारशी जिरू देत नाही, म्हणून घुमारा लांबतो.

तेव्हा गटाला मी सांगितलं, घाटावर जा आणि जुळवणीसाठी दुसरं रेकॉर्डिंग करा. एकच करू नका. जुळ्या स्वरांपैकी एकाच्या नोडवर टोला पडला तर तो उठतच नाही आणि हेलकावा गायब होतो. तीच गत फोनची, तो नोडसमोर धरला तरी फसगत. टोला द्यायला परवानगी असेल तर एकदा वाजवून घुमारा चालू असताना फोन घेऊन घंटेभोवती सावकाश चाला. काही पावलांवर हेलकावा ठळक होईल, काही पावलांवर बुजेल. जिथे ठळक तिथे पुन्हा रेकॉर्ड करा आणि गुणोत्तरं दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत ताडून पाहा. गंधार, पंचम आणि हेलकावा तिन्ही जुळले तर पुढची चिठ्ठी तिथेच आसपास शोधा. टोला लाकडी मोगरीने द्यायचा, दगडाने नाही. २२ टक्के कथिलाचं कांसं जितकं खणखणीत तितकंच ठिसूळ असतं.