मिन्स्टर लव्हेल: वाडा पडला, कबुतरखाना राहिला

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये विंडरश ही लहानशी नदी आहे. तिच्या काठाला, सेंट केनेल्मच्या चर्चला खेटून, मिन्स्टर लव्हेल हॉलचे अवशेष आहेत. देवडीचं दगडी कमानदार छत आणि तिच्याकडे नेणारी, गोटे नक्षीत बसवून केलेली वाट अजून जागेवर आहे. आत दिवाणखान्याच्या उंच भिंतींवर मात्र थेट आभाळ. जवळच शेताच्या आवारात एक गोल दगडी इमारत शंकूसारख्या छपरासकट उभी दिसते. हा वाड्याचा कबुतरखाना, पंधराव्या शतकातला.

आपल्याकडे कबुतरखाना म्हटला की दादरचा चौक आठवतो, पुण्य म्हणून टाकलेले दाणे आठवतात. इथलं प्रकरण अगदी वेगळं. आपल्या पारव्याचीच ही जात, पण पाळायची ती खाण्यासाठी. आतल्या भिंतीत ओळीनं कोनाडे, प्रत्येकात एक जोडी. पिल्लू साधारण चार आठवड्यांचं झालं, अंगानं भरलं, पण अजून उडालं नाही, की काढून घ्यायचं. इमारत गोल असली की मधोमध फिरता खांब बसवून त्याला शिडी जोडता येई. खाली न उतरता माणूस कोनाड्यांमागून कोनाडे तपासत जाई. विष्ठा उत्तम खत. पुढे बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोराही कबुतरखान्यांच्या जमिनीतून काढू लागले.

ही कबुतरं चरत कुठे? आसपासच्या शेतांत. कबुतरखाना बांधण्याचा हक्क मध्ययुगात मुख्यतः जमीनदाराचा, आणि कुळांच्या पिकावर तुटून पडणाऱ्या पाखरांना कुळांनी हात लावायचा नाही. जमीनदाराचं ताट भरायचं ते असं, दुसऱ्याच्या पेरणीतून. मला या गोल इमारतीचं सौंदर्य पाहताना ही गोष्ट विसरता येत नाही. फ्रान्समध्ये तर हा राग इतका साचला होता की ऑगस्ट १७८९ मध्ये सरंजामी हक्क रद्द झाले, त्यात कबुतरखान्याचा खास हक्कही गेला.

वाडा बांधला विल्यम लव्हेल या उमरावानं, १४३० च्या दशकात. त्याचा नातू फ्रान्सिस हा तिसऱ्या रिचर्ड राजाचा जिवलग. राजा १४८३ मध्ये इथे येऊनही गेला. दोनच वर्षांनी बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड मारला गेला आणि लव्हेलांचं दैव फिरलं. वाडा नव्या राजाच्या चुलत्याकडे, जॅस्पर ट्यूडरकडे गेला. फ्रान्सिस गप्प बसला नाही. लॅम्बर्ट सिम्नेल या तोतया राजपुत्राच्या बाजूनं तो १४८७ मध्ये स्टोकच्या रणात उतरला, हरला, आणि त्यानंतर त्याचं काय झालं याचा नक्की पत्ता लागला नाही. ट्रेंट नदीत घोडा घातलेला त्याला पाहिला, असं सांगत.

इथूनच वाड्याची प्रसिद्ध दंतकथा सुरू होते. १७०८ मध्ये धुराड्याचं काम चालू असताना एक तळघर सापडलं, आत टेबलाशी बसलेला माणसाचा सांगाडा, समोर वही, कागद, लेखणी. वारा लागताच सगळ्याची धूळ झाली, असं १७३७ च्या एका पत्रात नोंदलं आहे. घटना आणि पत्र यांत २९ वर्षांचं अंतर, त्यामुळे मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही. पण परागंदा धनी शेवटी आपल्याच घरात दडला, ही कल्पना लोकांना सोडवत नाही, हे समजू शकतं.

१६०२ मध्ये वाडा विकत घेतला तो प्रख्यात कायदेपंडित सर एडवर्ड कोक यांनी. त्यांच्या वंशातल्या थॉमस कोक यांना १७२८ मध्ये ‘बॅरन लव्हेल’ हा किताब मिळाला, पण त्यांचं मन लागलं होतं नॉरफोकमध्ये. तिथे १७३४ पासून होलकम हॉल हा त्यांचा नवा प्रासाद उभा राहत होता. १७४७ च्या सुमारास मिन्स्टर लव्हेलचा बराच भाग पाडला गेला आणि दगड दुसऱ्या बांधकामांना गेले. उरलेल्या भिंतींच्या आडोशाला शेतीची कामं चालत राहिली.

कबुतरखाना का वाचला? माझ्या मते, शेतकऱ्याला दिवाणखान्याचा उपयोग नव्हता. कोरड्या, छप्पर असलेल्या गोल खोलीचा होता. १९३० च्या दशकात सरकारनं अवशेष ताब्यात घेऊन डागडुजी केली. आता देखभाल इंग्लिश हेरिटेजकडे आहे. वाड्यापासून कबुतरखान्यापर्यंत चालत जाता येतं, दोन्ही पाहायला तिकीट लागत नाही.