संगीतकाराच्या स्वतःच्या हातची लय : एडवर्ड एल्गार यांची जुनी ध्वनिमुद्रणे

लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवरून (त्यांनाच ७८ म्हणतात) आम्ही तयार केलेली ध्वनिमुद्रणे पहिल्यांदा ऐकणारे बहुतेक ग्राहक खरखरीबद्दल विचारतात. तीच रचना आजच्या वाद्यवृंदाकडून स्वच्छ ऐकायला मिळत असताना ही का घ्यायची?

एल्गार यांचेच उदाहरण घ्या. हे इंग्रज संगीतकार आपल्या स्वरलिपीत सूचनांची खैरात करत, मेट्रोनोमचे (लय मोजणाऱ्या यंत्राचे) आकडेही देत. पण वाद्यवृंदाचे संचालन करायला स्वतः उभे राहिले की त्या आकड्यांना बांधून घेत नसत. लय पुढे धावते, मध्येच सैलावते, पुन्हा उसळते. त्यांनी १९२७ साली मुद्रित केलेली त्यांची दुसरी सिंफनी ऐका. पुढच्या काळात अनेकांनी ती भारदस्त, संथ करून टाकली; एल्गार यांच्या हातात ती अस्वस्थ आणि वेगवान आहे. व्हायोलिनवादक एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातात, ते आपल्या कानाला मींडेसारखे वाटेल. ती तेव्हाची रीतच होती, चूक नव्हे.

एल्गार यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी, म्हणजे आपल्या ओळखीच्या एचएमव्हीसाठी, १९१४ पासून ध्वनिमुद्रण केले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. वादक कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसत आणि खर्जाचे स्वर नीट उमटत नसत. त्यांचा व्हायोलिन कन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदाची रचना) १९१६ मध्ये मुद्रित झाला तो पुष्कळ काटछाट करून. १९२५ नंतर विजेवर चालणारे मुद्रण आले आणि चित्र पालटले. हाच कन्चेर्टो जुलै १९३२ मध्ये पूर्ण मुद्रित झाला. व्हायोलिनवादक सोळा वर्षांचे येहुदी मेन्युहिन, वाद्यवृंदाचे संचालक पंचाहत्तरीतले एल्गार. आमच्याकडून एकच ध्वनिमुद्रण घेणार असाल तर हे घ्या.

ते झाले लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत. त्या स्टुडिओचे उद्घाटनही नोव्हेंबर १९३१ मध्ये एल्गार यांच्याच संचालनाने झाले होते. या कामामागे कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग होते, १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित करणारे. जानेवारी १९३४ मध्ये एल्गार इंग्लंडमधल्या वूस्टर गावी अंथरुणाला खिळले होते, तेव्हा टेलिफोनच्या तारेने त्यांची खोली स्टुडिओशी जोडली गेली आणि ते तिथून वादकांना सूचना देत राहिले. पुढच्याच महिन्यात ते गेले.

आता आमच्या कामाविषयी. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटे मावतात, त्यामुळे मोठी रचना अनेक बाजूंवर तुकड्यांत असते. ते तुकडे आम्ही जोडतो. तबकडीवर ७८ असा वेग मानला तरी प्रत्यक्षात तो थोडा कमी-जास्त असतो, म्हणून स्वर जुळवून वेग ठरवतो. टकटक काढतो, खरखर मात्र थोडी राहू देतो, कारण ती पूर्ण पुसली की व्हायोलिनची झळाळीही पुसली जाते.

घरच्या जुन्या तबकड्याही आम्ही मुद्रित करून देतो. त्या एलपीच्या (नंतर आलेल्या लाँग-प्ले तबकड्यांच्या) बारीक सुईने वाजवू नका. ७८ची खाच रुंद असते, तिला रुंद सुई लागते. आणताना उभ्या ठेवा. आणि स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख त्यात विरघळते.