पेशींच्या ताठरपणाचे मापन

जिवंत पेशी अतिशय मऊ प्रोबने हलकेच दाबून, ती किती दबते यावरून तिचा ताठरपणा काढण्याची पद्धत. त्यासाठी मुख्यतः अणुबल सूक्ष्मदर्शक (एएफएम) वापरतात. गर्ड बिनिग, कॅल्विन क्वेट आणि ख्रिस्तोफ गर्बर यांनी तो 1986 मध्ये मांडला.

बेळगावात उद्यमबागेतल्या फौंड्रीत ब्रिनेल चाचणी पाहिलेल्याला हे तत्त्व परके वाटणार नाही. बिडाच्या कास्टिंगवर 10 मिमी व्यासाचा गोळा 3000 किलो भाराने दाबतात आणि उमटलेल्या खळीचा व्यास भिंगातून मोजतात. खळी मोठी, तर बीड मऊ. पेशीवर टेकवायचा गोळा काही मायक्रोमीटरचा, आणि बल नॅनोन्यूटनमधले. पण खरा फरक पुढेच आहे: कास्टिंगवरची खळी कायम राहते, पेशी मात्र दाब काढताच पुन्हा वर यायला हवी. म्हणून इथे मोजतात ते काठिण्य नव्हे, स्थितिस्थापकता.

एएफएममध्ये हा गोळा केसाहून पातळ अशा पट्टीच्या टोकाला चिकटवलेला असतो. पट्टी किती वाकली हे तिच्या पाठीवरून परावर्तित होणाऱ्या लेझरवरून कळते. पट्टी ताठ असली तर पेशीवर ती वाकतच नाही, मग वाचायचे काय? म्हणून पट्टीचा स्प्रिंग स्थिरांक (ती ठरावीक अंतर वाकवायला लागणारे बल) साधारण 0.01 ते 0.1 न्यूटन प्रति मीटर ठेवतात. तो 0.05 असेल, तर 10 नॅनोमीटर वाकणे म्हणजे 0.5 नॅनोन्यूटन बल. बल आणि गोळा पेशीत रुतल्याची खोली हर्ट्झच्या सूत्रात (गोळा आणि लवचीक पृष्ठभाग यांच्या स्पर्शाचे सूत्र) घातली की यंगचा गुणांक, म्हणजे ताठरपणाचे माप, मिळतो. पेशींसाठी तो बहुधा काहीशे पास्कल ते काही दहा किलोपास्कल असतो. खोली पेशीच्या जाडीच्या दहाव्या हिश्शापलीकडे गेली, तर पेशी जिच्यावर चिकटलेली असते ती खालची काचही मोजमापात शिरते.

मांड्यासाठी तिंबलेल्या कणकेत बोट झटकन खुपसले तर ती अडते, सावकाश दाबले तर वाट देते. पेशीचेही तसेच. त्यामुळे वेग, खोली आणि गोळ्याचा आकार न सांगता दिलेल्या दोन आकड्यांची तुलना करूच नये.

पेशीला ताठरपणा मुख्यतः आतल्या ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंच्या जाळ्यामुळे येतो. ते औषधाने मोडले की पेशी मऊ पडते. फुप्फुसावरणातील द्रवात आढळलेल्या कर्करोगी पेशी निरोगी पेशींपेक्षा सुमारे 70 टक्के मऊ असल्याचे 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. फॅल्सिपेरम या गंभीर प्रकारच्या मलेरियात उलट घडते: परजीवी शिरलेली तांबडी पेशी ताठर होते आणि बारीक केशवाहिन्यांतून सहज वाकून पुढे सरकू शकत नाही.