हात न लावता ओढतंय कोण?

चवथीच्या आरतीत फाटलेला जुना स्पीकर भाच्याने खोलला, त्यातलं चुंबक काढलं आणि आम्ही गोव्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर गेलो. पावसाळा संपला की वाळूत काळे पट्टे दिसतात ना, त्यात चुंबक फिरवलं तर मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहखनिजाचे कण केसांसारखे उभे राहून चिकटतात. पोरगा म्हणतो, "मामा, हात लावलाच नाही, मग ओढतंय कोण?"

खूप मोठा प्रश्न आहे हा. शास्त्रज्ञ फॅराडेचं म्हणणं असं की चुंबकाभोवतीची जागा रिकामी नसतेच, तिथे फील्ड असतं, आपण क्षेत्र म्हणतो ते. कण चुंबकापर्यंत 'पोचत' नाही, तो जिथे आहे तिथल्याच फील्डचा जोर त्याला लागतो आणि फील्ड जिकडे दाट तिकडे तो सरकतो.

विद्युतभाराचं गणित जरा वेगळं. विद्युत क्षेत्र थांबलेल्या इलेक्ट्रॉनलाही ढकलतं, पण चुंबकीय क्षेत्र फक्त धावणाऱ्यालाच, आणि तेही आडवं, म्हणजे वेग वाढत नाही, नुसती दिशा वळते. दोन्ही मिळून जे होतं ते लोरेंट्झ बल.

आता हे बल केवढं? तारेतला करंट म्हणजे धावणारे इलेक्ट्रॉनच, तेव्हा तारेवरच बघू. गोव्यात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण 40 मायक्रोटेस्ला आहे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप, मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग). 1 मीटर तारेतून 1 अँपिअर करंट सोडला, तार क्षेत्राला काटकोनात धरली, तर जोर 40 मायक्रोन्यूटन, म्हणजे एकदोन डासांच्या वजनाएवढा! म्हणून घरातली वायर जागची हलत नाही. स्पीकरमध्ये मात्र चुंबकाच्या अरुंद फटीत क्षेत्र 1 टेस्लाच्या आसपास, पंचवीस हजार पट, त्यात तारेचे वेढे भरपूर, करंट मागेपुढे झाला की कॉइल मागेपुढे, तिला चिकटलेला कागदाचा कोन हवा ढकलतो आणि आरतीतलं घुमट, म्हणजे आमचं गोव्याचं तालवाद्य, वाजतं.

भाच्याला तरी पटेना, म्हणे फील्ड म्हणजे नुसता हिशोब असेल. मग मी रेडिओ दाखवला. टॉवरमधले इलेक्ट्रॉन हलले की 30 किलोमीटरवरच्या ट्रान्झिस्टरमधले लगेच हलत नाहीत, सेकंदाचा दहा हजारावा भाग जातो, कारण लहर प्रकाशाच्या वेगानेच येते, हे मॅक्सवेलच्या 1865 च्या समीकरणांतून निघतं. तेवढ्या वेळात टॉवरने दिलेली ऊर्जा ना टॉवरकडे असते ना रेडिओकडे. ती फील्डमध्ये असते.