कॉर्नरच्या प्लॉटला कण्हेर लावावी की बिट्टी?

इंदूरच्या कुठल्याही नर्सरीत ‘कनेर द्या’ म्हटलं की माळी विचारतो, “लाल, सफेद की पीला?” जणू एकाच झाडाचे तीन रंग. लाल, गुलाबी आणि पांढरी ती कण्हेर. पिवळं म्हणून जे रोप हातात येतं, ती बहुतेक वेळा बिट्टी असते, आणि ते झाडच वेगळं. दोघी रुई-चाफ्याच्या कुळातल्या, दोघी विषारी, दोघींना गुरं सहसा तोंड लावत नाहीत, दोघी कमी पाण्यात तग धरतात. त्यामुळे कुंपणाला कुठलीही चालेल असं वाटतं. घरासमोर एकच रस्ता असेल तर ही गल्लत निभून जाते. पण कॉर्नरच्या प्लॉटला दोन बाजूंनी माणसं, मुलं, गाड्या आणि मोकाट गाई जात असतात. तिथे काय लावायचं हे नीट ठरवूनच लावलं पाहिजे.

आधी ओळख. फुलाच्या रंगावर विसंबू नका, कारण बिट्टीतही पांढरी आणि केशरट फुलं येतात. पानं बघा. कण्हेरीची पानं एका पेरावर बहुधा तीन-तीन असतात. ती जाड, चिवट, मागून फिकट असतात आणि मधल्या शिरेतून बारीक शिरा फणीच्या दातांसारख्या लागून-लागून निघालेल्या दिसतात. बिट्टीची पानं एकेक करून फांदीभोवती वर चढत जातात. ती अरुंद आणि चकचकीत असतात, आडव्या शिरा जवळजवळ दिसतच नाहीत. पान तोडलं की पांढरा चीक लगेच ओघळतो. नर्सरीत रोपं फुलावर नसली तरी एवढ्यावरून चूक होत नाही.

वाढीची तऱ्हाही वेगळी. कण्हेर बुंध्यापासूनच अनेक फांद्या फेकते आणि दोन ते चार मीटरचं झुडूप होते. खालपासून दाट राहते, म्हणून कुंपणाला खरी उपयोगी. हायवेच्या दुभाजकात ती सर्रास दिसते त्याचं कारणही हेच: समोरच्या गाडीचा प्रकाश अडतो, धूर-धूळ सोसते, पाणी मागत नाही. बिट्टीचा ओढा झाड होण्याकडे. ती सहज सहा मीटरपर्यंत जाते, आणि सारखी छाटत राहिलं नाही तर वर पसारा आणि खाली उघडे बुंधे, म्हणजे जिथे आडोसा हवा तिथेच मोकळं.

माझ्या मते निर्णय होतो तो फळावर. कण्हेरीला लांब शेंगा येतात, त्या वाळून उकलतात आणि केसाळ बिया वाऱ्यावर उडतात. त्या शेंगेकडे कुणी ढुंकून पाहत नाही. बिट्टीचं फळ मात्र हिरवं, गुबगुबीत, तीन-चार सेंटिमीटरचं, मधून कंगोरा असलेलं. पिकलं की काळं पडतं आणि झाडाखाली टपकतं. आत टणक, त्रिकोणी बी. या बियांनी आपल्यातले कितीतरी जण लहानपणी खेळलेत, आणि म्हणूनच मला जास्त धास्ती वाटते. शाळेतून येणारं मूल ते फळ उचलतं, चावूनही बघतं. कण्हेरीतलं ओलिअँड्रिन आणि बिट्टीतलं थेवेटिन, दोन्ही थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. उलट्या, जुलाब, मंद किंवा अनियमित नाडी ही लक्षणं. मूल सुरुवातीला बरं दिसलं तरी हृदयाचा त्रास काही तासांनी उद्भवू शकतो, म्हणून घरगुती उपायांत वेळ न घालवता इंदूरचं एम. वाय. हे सरकारी हॉस्पिटल किंवा जवळचं दुसरं मोठं हॉस्पिटल गाठा आणि फळ किंवा फांदी सोबत न्या. रस्त्याला लागून बिट्टी नकोच, असं मी स्पष्टच सांगेन.

मग कण्हेर सगळीकडे लावायची का? तसंही नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेत कॉर्नरच्या प्लॉटसाठी वेगळी तरतूद आहे. चौकाकडे दोन्ही बाजूंना १० मीटर लांबीपर्यंत भिंत ०.७५ मीटरपेक्षा उंच नको, त्यावर हवी तर आणखी ०.७५ मीटर आरपार दिसणारी जाळी किंवा रेलिंग. हेतू हा की वळणाऱ्याला पलीकडची गाडी, सायकल, मूल दिसावं. लोक भिंत नियमाप्रमाणे बुटकी बांधतात आणि आतून सहा फुटी कण्हेर वाढवून नजर पुन्हा बंद करून टाकतात. त्या टोकाला झेंडू, चिनी गुलाब, तुळस अशी गुडघ्याच्या आतली झाडं लावा. कण्हेरीची रांग १० मीटर सोडून पुढे सुरू होऊ दे. भिंतीचं काम काढण्याआधी तुमच्या मंजूर नकाशात काय लिहिलंय तेही वाचा.

माळव्याच्या काळ्या मातीचाही विचार हवा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पायाची कंपाउंड वॉल तिच्याबरोबर हलते. भिंतीला चिकटून झाडं लावून तिथेच रोज पाइप सोडला तर भिंतीला तडे लवकर जातात. किमान तीन फूट अंतर ठेवा. पावसाळ्यात पाणी साचतं त्या बाजूला कण्हेरच टिकते, ती मूळची ओढ्या-नदीकाठची. बिट्टीला निचरा लागतो.

कण्हेरीची फुलं नव्या फांद्यांच्या टोकाला येतात. दर महिन्याला कात्री फिरवून चौकोनी ठोकळा केलात तर हिरवी भिंत मिळेल, फुलं नाही. थंडी सरताना एकदा नीट छाटा. छाटताना पानाखाली चांदीसारखा चमकणारा कोष लटकलेला दिसला तर ती फांदी राहू द्या. तो कॉमन क्रो फुलपाखराचा, त्याच्या अळ्या कण्हेरीवर वाढतात. अळ्या पानं खातात, पण झाड पुन्हा फुटतं. फवारणीची गरज नाही.

छाटलेल्या फांद्या फाटकाबाहेर टाकू नका. ओलं पान गाय टाळते, वाळलेलं खाऊ शकते, आणि विष वाळल्यावरही तसंच राहतं. जाळूही नका, धूरसुद्धा घातक. गाठोडं बांधून कचरागाडीवाल्याला सांगून द्या. घराला आधीपासून मोठी बिट्टी असेल तर ती लगेच तोडायची गरज नाही. रस्त्याकडच्या फांद्या काढा, हातमोजे घालून फळं हिरवी असतानाच उतरवा आणि झाडाखालची जागा रोज झाडून घ्या.