पिवळे दिवे, पांढरे दिवे आणि नाशिकचं आकाश

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा, म्हणजे चमकत्या वायूच्या ढगाचा, पहिला फोटो १८८० साली न्यूयॉर्कजवळ एका हौशी डॉक्टरने ५१ मिनिटांचं एक्सपोजर देऊन काढला. त्यानंतरचा फिल्मचा लांबलचक काळ इथे गाळतो. नाशिककरांच्या आवाक्यात आकाशाचे फोटो काढण्याचा हा छंद आला तो डीएसएलआर कॅमेरे स्वस्त झाल्यावर. त्यांच्या सेन्सरपुढचा फिल्टर तेजोमेघांतल्या हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो, म्हणून धाडसी मंडळी नवाकोरा कॅमेरा उघडून तो काढून घेत. वॉरंटीवर तिथेच पाणी.

खरा वाद पथदिव्यांचा. २०१५ पासून देशभर सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या जागी एलईडी लावायची मोहीम निघाली आणि काही वर्षांत नाशिकचे रस्तेही पांढरे झाले. वीज वाचली, यात शंका नाही. पण सोडियमचा उजेड बहुतांशी ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असायचा. तेवढा पट्टा कापणारा फिल्टर लावला की गंगापूर रोडच्या गच्चीवरूनही मृग बरा निघायचा. एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरतो, वर ४५० नॅनोमीटरजवळ निळ्याचा उंचवटा. हा निळा हवेत पिवळ्याच्या जवळपास तिप्पट विखुरतो. जुने फिल्टर डब्यात गेले. दिवे बदलायलाच नको होते असं कोणी म्हणत नाही. ३००० केल्विनच्या आतले, म्हणजे पिवळसर उजेडाचे, वरून झाकलेले दिवे निवडता आले असते, ही तक्रार मात्र मला रास्त वाटते.

त्यावरचा तोडगा म्हणजे ड्युअल नॅरोबँड फिल्टर: हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या अरुंद पट्ट्यांखेरीज बाकी सगळं बंद. गच्चीवरून रोझेट तेजोमेघ पुन्हा मिळू लागला. देवयानी दीर्घिका किंवा कृत्तिकांभोवतीची निळी धूळ त्यातून जमत नाही, कारण तो ताऱ्यांचाच सर्व रंगांचा प्रकाश. त्यासाठी शहराबाहेर, पेठ-सुरगाण्याच्या अंधाराकडे जावं लागतं. तिथे शहराची प्रभा नेमकी आग्नेयेला, आणि वृश्चिक-धनू उगवतात त्याच बाजूने. त्या राशी वर चढेपर्यंत थांबायचं. शिवाय ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २० अंशांवर, त्यामुळे त्याच्याकडे रोखलेला माउंट (ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणारा आधार) इतका कलतो की काहींचा काउंटरवेटचा, म्हणजे तोल साधणाऱ्या वजनाचा, दांडा ट्रायपॉडच्या पायाला टेकतो. जूनपासून पाऊस, म्हणजे आकाशगंगेच्या गाभ्याला मार्च ते मे एवढाच अवधी, तोही मध्यरात्रीनंतरचा.

जानेवारी २०२४ मध्ये नागपूरजवळचा पेंच व्याघ्र प्रकल्प हे देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं ठिकाण, ठरलं, पण ते राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. शनिवारच्या अमावास्येला नाशिककर अजून पेठचाच रस्ता धरतात.